मऊ थरालाही नंबर द्यायचा: इंदूरहून मनावर आणि बाघ, तीन दिवस आणि एक सकाळ

पहिला दिवस

मामा गेली कितीतरी वर्षं म्हणतोय की तुला एकदा मनावरकडचा दगड दाखवतो, आणि दर वेळी काही ना काही निघायचंच, कधी कुणाचं लग्न, कधी लेकीची परीक्षा, कधी त्याचा गुडघा. यंदा जानेवारीत मात्र लेक स्वतःच मागे लागली. नववीत आहे, भूगोलात खडकांचा धडा होऊन गेलेला, आणि तिला पुस्तकातलं ते थरांचं चित्र खरं असतं का ते बघायचं होतं. म्हटलं आता टाळायचं नाही. शुक्रवारी पहाटे निघालो, मी, लेक, मामा आणि गाडी चालवायला आमच्या ओळखीचे ड्रायव्हर भैया. मामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, होळकर कॉलेजातून जिऑलॉजी करून पुढे सगळी नोकरी विहिरी आणि बोअरच्या पाण्यामागे केलेला माणूस. त्याच्या पिशवीत हातोडी, टेप, भिंग, ॲसिडची ड्रॉपरवाली छोटी बाटली, दोन वह्या आणि दहा-दहा सेंटिमीटरवर लाल-पांढरा रंग दिलेली एक काठी. माझ्या पिशवीत पोळ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मास.

बेटम्याला थांबून पोहे खाल्ले, वर शेव आणि जीरावन, त्याशिवाय इंदूरच्या माणसाचा दिवस उगवत नाही. घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडली तेव्हा मामा लेकीला म्हणाला, "ही नदी इथून उत्तरेला जाते, यमुनेत. आज दुपारपर्यंत आपण अशा ठिकाणी असू जिथलं पाणी उलट बाजूला, नर्मदेत जातं." ती खिडकीतून बघतच राहिली. इतकी वर्षं त्या पुलावरून जातेय, माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

धार सोडून मनावरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळाने माळव्याचं पठार संपतं आणि घाट सुरू होतो. मांडवला, म्हणजे मांडूला, या वेळी जायचंच नव्हतं त्यामुळे लेकीचं तोंड जरा उतरलं होतं, पण घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर मामाने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीसमोर आम्हाला उभं केलं. काळा दगड. आपण लहानपणापासून बघतो तोच, ज्याची जोती, ज्याच्या पायऱ्या, ज्याची झीज होऊन झालेली काळी माती चपलांना चिकटते तो बेसाल्ट. मी म्हटलं, मामा हा तर घरी पण आहे. तो म्हणाला नीट बघ, एकच आहे का?

एकच नव्हता. खाली एक जाड, उभ्या भेगा पडलेला थर, त्याच्या वरच्या अंगाला भोकंभोकं, काही भोकांत पांढरे चकचकीत स्फटिक भरलेले, आणि मग एक हातभर रुंदीचा तांबडा पट्टा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा, आणि त्याच्यावर पुन्हा नवा काळा थर. लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला, मधे बराच काळ गेला, तेवढ्यात त्याच्यावर माती तयार झाली, मग दुसरा लोट आला आणि ती माती खाली गाडली गेली. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. मामाने तांबड्या पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काळ्या दगडाचा थर व्हायला फार वेळ लागत नाही, खरा वेळ या पट्टीत गेलाय. तेव्हा मी मान डोलावली फक्त. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

घाट उतरला की हवाच बदलते. निमाड. जानेवारीतही दुपारी ऊन लागतं, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका, हरभरा, मधूनच ताडाची झाडं. रस्त्याकडेच्या शेतांच्या बांधावर रचलेले दगड आता काळे राहिले नव्हते, पांढरट, पिवळट, काही गुलाबीसर. हे लेकीने ओळखलं, मी नाही.

मनावरला मुक्काम. लॉज साधं होतं, गरम पाणी सांगितलं होतं ते आलं नाही आणि रात्री बराच वेळ लाइट नव्हती, पण गच्चीवर गेलो तेव्हा मामाने सांगितलं की या भागात सिमेंटचा कारखाना आहे तो उगीच नाही. सिमेंटला चुना लागतो तशीच चिकणमातीही लागते, दोन्ही दळून एकत्र साधारण साडेचौदाशे डिग्रीला भाजतात, आणि ज्या प्रदेशात ही दोन्ही निसर्गानेच एकावर एक रचून ठेवलीत तिथे कारखाना येणारच.

दुसरा दिवस

हाच खरा दिवस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनावरच्या उत्तरेला मान नदीच्या खोऱ्यात सीतापुरी, चिराखान, झिराबाद या गावांच्या आसपास जागोजाग नाल्यांनी जमीन चिरली आहे आणि त्या चिरांत ट्रॅपच्या, म्हणजे त्या काळ्या लाव्हाच्या दगडाच्या, खालचे थर उघडे पडलेत. या सगळ्या थरांना मिळून बाघ बेड्स म्हणतात. 1869 साली ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने या भागावर लिहिलं, आणि पुढे 1884 मधे प्रमथनाथ बोस यांनी थरांची फोड करून नावं दिली. सगळ्यात खाली निमाड वालुकाश्म, वर गाठीगाठींची चुनखडी, त्यावर देवला आणि चिराखान या गावांच्या नावाचा मार्ल (हा एक मऊ दगड, नक्की काय ते पुढे येईलच), आणि वर कोरलाइन चुनखडी. हेच ते बोस ज्यांनी 1904 मधे जमशेटजी टाटांना पत्र लिहून मयूरभंजच्या लोखंडाबद्दल कळवलं आणि पुढे जमशेदपूर उभं राहिलं. शाळेत जमशेदपूर शिकवतात पण त्या माणसाने आपल्या इथल्या नाल्यांमधून फिरून एवढं काम केलंय हे इंदुरात मला कुणी कधी सांगितलं नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

एका शेतकरी दादांना विचारून त्यांच्या शेताकडेच्या नाल्यात उतरलो. समोर पुरुषभर उंचीपेक्षा थोडी जास्त अशी भिंत, लांबून बघितली तर मोठ्ठ्या पुस्तकांची चळत कुणी आडवी ठेवल्यासारखी. पांढरट राखाडी दगडाचे थर पुढे आलेले, त्यांच्या मधे मधे मऊ पिवळट थर आत गेलेले, पुन्हा पुढे, पुन्हा आत. जवळजवळ सपाट, कुठे तिरके नाहीत. मामाने लेकीच्या हातात एक वही दिली, माझ्या हातात एक, आणि म्हणाला, वर्णन लिहा. मी पंधरा मिनिटांत लिहिलं आणि खूश होऊन दाखवलं. "थर 1, चुनखडी, 22 सेमी. मधे माती. थर 2, चुनखडी, 17 सेमी. मधे माती. थर 3..." असं करत वरपर्यंत नऊ थर.

मामाने वही वाचली. "माती? कसली माती? तिला रंग नाही? जाडी नाही? किती वेळा आलीय ती, आणि प्रत्येक वेळी सारखीच आहे का?"

मी म्हटलं अरे ती मऊ आहे, झिजून गेलीय, तिथे बघायला काय आहे.

तो म्हणाला, "पुढे आलेला दगड सगळ्यांनाच दिसतो गं. पण तो पुढे का आलाय? शेजारचा आत गेला म्हणून. आत गेलेल्यालाही नंबर द्यायचा, तोही थरच आहे. पुन्हा खालपासून."

पुन्हा खालपासून. यातली खालपासून ही गोष्टही त्याने लेकीला नीट समजावली, की जो थर खाली तो आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम स्टेनो नावाच्या शास्त्रज्ञाने 1669 साली मांडला, आणि म्हणून वर्णन कायम तळापासून वर लिहायचं, कारण गोष्ट त्याच क्रमाने घडली. वही उघडल्यावर उजव्या पानावर फक्त डोळ्याला, हाताला, भिंगाला जे कळतं ते, आणि डाव्या पानावर आपला अंदाज. दोन्ही एका पानावर आले की उद्या वाचताना कुठलं बघितलेलं आणि कुठलं वाटलेलं ते कळत नाही. माझ्या पहिल्या वर्णनात "समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी" असं लिहिलेलं होतं, तो समुद्र त्याने खोडून डावीकडे पाठवला.

मग आम्ही त्या भिंतीसमोर साडेचार तास होतो.

एकेक थर कसा लिहायचा ते सांगते, कारण कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी काठी उभी लावायची आणि थराची जाडी घ्यायची. थर सपाट आहेत म्हणून उभं माप चालतं, तिरके असते तर थराला काटकोनात मोजावं लागलं असतं, नाहीतर जाडी फुगते. मग रंग, पण वरचा नाही. उन्हापावसाने दगडाच्या अंगावर साय धरते, तो रंग वेगळा, म्हणून कोपऱ्याचा छोटासा तुकडा उडवून आतला ताजा रंग बघायचा, आणि दोन्ही लिहायचे, ओला की कोरडा तेही लिहायचं कारण ओला दगड गडद दिसतो. मग कठीणपणा, नखाने ओरखडा उठतो का, नाही तर चाकूने उठतो का. चुनखडीवर चाकूचा ओरखडा सहज उठतो, गारगोटीवर उठत नाही. मग कण, भिंगातून. मग ॲसिड.

ॲसिडचा भाग लेकीला फार आवडला आणि खरं सांगायचं तर मलाही. दहा टक्क्यांचं पातळ हायड्रोक्लोरिक, एक थेंब. पुढे आलेल्या थरावर टाकला की फस्सकन् फेस, जिऱ्याच्या फोडणीसारखा आवाज, कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड सुटतो तो. आत गेलेल्या थरावर टाकला तर फेस आला पण हळू, दमत दमत, आणि थेंब वाळल्यावर तिथे चिखलाचा एक पातळ डाग उरला. "आता हिला काय म्हणशील?" मामाने विचारलं. मी म्हटलं शेल. तो म्हणाला, शेल असता तर फेस आला नसता, किंवा अगदी जेमतेम आला असता, कारण शेल म्हणजे मुख्यतः चिकणमाती आणि बारीक गाळ दाबून झालेला, पापुद्र्यांसारखा सुटणारा दगड. आणि चुनखडी असती तर डाग उरला नसता. चुना आणि माती दोन्ही भरपूर आहेत तो मार्ल. शेल, मार्ल, चुनखडी हे तीन वेगळे डबे नाहीत, एकाच मापावरच्या जागा आहेत, एका टोकाला सगळी माती, एका टोकाला सगळा चुना.

आणि हे एकदा कळल्यावर मग तो मऊ पट्टा प्रत्येक वेळी वेगळा दिसायला लागला! थर 2 पिवळट, बोटाने चुरा होणारा, 9 सेमी. थर 4 राखाडी, जास्त चिवट, 6 सेमी, पण काठी घेऊन वीस पावलं डावीकडे गेलो तर तो बारीक होत होत संपूनच गेला आणि वरखालच्या चुनखड्या एकमेकींना टेकल्या. थर 8 सगळ्यात जाड, 31 सेमी, आणि त्याच्या मधल्या भागात खरंच पातळ पापुद्रे सुटत होते, पोळीचे पदर सुटतात तसे, नखाने उचलले की वेगळे, आणि तिथे ॲसिडला फेस जवळजवळ आलाच नाही. म्हणजे आतल्या आत तो मार्लपासून शेलकडे गेलेला आणि परत आलेला. मामाने त्या पापुद्र्याचा कण दाताखाली धरायला सांगितला. करकर लागली नाही, साबणासारखं गुळगुळीत लागलं, म्हणजे रेती नाही, निव्वळ चिकणमाती. मी लिहिलं, "थर 8, तीन भाग: 8अ मार्ल 11 सेमी, 8ब शेल 8 सेमी, 8क मार्ल 12 सेमी. सीमा हळूहळू बदलणाऱ्या, रेघ मारता येत नाही." आधी हे सगळं "मधे माती" या दोन शब्दांत संपवलं होतं मी.

चुनखडीचे थरही काही एकसारखे नव्हते. एकात दगड सलग नव्हता, मुठीएवढ्या, लिंबाएवढ्या गाठी, आणि प्रत्येक गाठीभोवती मातकट पातळ पदर गुंडाळलेला. ही ती गाठींची चुनखडी. डाव्या पानासाठी मामाने सांगितलं की तळाचा चुन्याचा चिखल मऊ असताना त्यात खेकड्यासारख्या प्राण्यांनी बिळं करून तो पार उकरून टाकला, मग चुना काही ठिकाणी आधी घट्ट झाला, वरून भार पडला, आणि मऊ माती गाठींच्या कडेने दाबली जाऊन पसरली. भिंतीत बोटाएवढी जाड, फाटे फुटलेली बिळं दिसतात, वेगळ्या रंगाने भरलेली. लेकीने त्यातलं एक बिळ बोटाने कितीतरी वेळ गिरवलं.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा शेतकरी दादाही येऊन बसले. त्यांना मी म्हटलं की इथे कधीकाळी समुद्र होता म्हणतात. ते हसले आणि म्हणाले, "सीप तो हल में रोज निकलती है, बाई." नांगराला रोज शिंपले लागतात त्यांच्या. आणि खरंच, बांधावर एक शिंपल्यांचा ढीग होता, दगड झालेले, जाडजूड, एक बाजू फुगीर एक चपटी, कालवांचे. समुद्र इथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. साधारण नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी तो पश्चिमेकडून नर्मदेच्या या खोलगट पट्ट्यातून आत शिरला होता, उथळ, कोमट. पाणी स्वच्छ असलं आणि शिंपले-कवचं साचत राहिली की चुनखडी, नद्यांनी जमिनीवरून चिखल जास्त आणला की मार्ल, शेल. निदान डाव्या पानावर आम्ही तसं लिहिलं. मामाने त्यापुढे प्रश्नचिन्ह घालायला लावलं, कारण साचून झाल्यावरही चुना विरघळून मऊ थरातून शेजारच्या थरात जाऊन बसतो, आणि मग मुळात असलेला छोटा फरक मोठा दिसायला लागतो. एका नाल्यातल्या एका भिंतीवरून निकाल द्यायचा नसतो.

जेवणानंतर लेकीला ते सापडलं. थर 8क, म्हणजे त्या मऊ थराच्या वरच्या भागात, अर्धं बाहेर आलेलं, मोठ्या सुपारीएवढं, फुगीर, आणि वरच्या अंगावर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं. सागरी अर्चिन, समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी गोल प्राणी. भिंगातून बघितलं तर प्रत्येक पाकळी म्हणजे बारीक छिद्रांच्या दुहेरी रांगा, आणि सगळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे, जिथे त्याचे काटे बसलेले असायचे. ती ओरडली नाही, काही नाही, नुसती हाक मारली, आई इकडे ये, एवढ्या हळू आवाजात की मला वाटलं साप निघाला.

चुनखडीतही असे प्राणी होते पण तिथे फक्त कापलेली कड दिसायची, गोल रेघ, वाकडी रेघ, दगडात पक्के बसलेले. मऊ थराने मात्र तो अख्खा ठेवला होता आणि आता स्वतः झिजत झिजत हळूच बाहेर देत होता. आम्ही शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला, थराचा नंबर, तळापासूनची उंची लिहिली, आणि तो तिथेच राहू दिला. लेकीला न्यायचा होता, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मामाआजोबांनी तिला समजावलं की तू घरी नेलास तर तो शोकेसमधे बसेल आणि दोन वर्षांनी कुठल्या थरातला ते तुलाही आठवणार नाही, इथे तो बोलतोय, कुणीतरी शिकणारा येईल त्याच्याशी बोलेल. तिने ऐकलं. मी तिच्या वयाची असते तर ऐकलं असतं की नाही माहीत नाही.

निघताना दादांची परवानगी घेऊन नाल्यात आपोआप गळून पडलेले मऊ थराचे तीन-चार लहान ढेकळं आणि चुनखडीचा एक तुकडा पिशवीत घेतला, प्रत्येक पुडीवर नंबर. ज्या ठिकाणी चुनखडी आधाराशिवाय पुढे आलेली होती तिच्या खाली मामाने आम्हाला दिवसभर उभं राहू दिलं नव्हतं, आणि नाल्यात पडलेले ते मोठमोठे चौकोनी धोंडे म्हणजे अशाच थरांचे, खालचा मऊ थर सरकत आत गेला की वरचा कडक एक दिवस तुटून येतो.

एकूण उंची 2 मीटर 74 सेंटिमीटर. थर सतरा. सकाळी माझे नऊ होते.

तिसरा दिवस

कुक्षीवरून बाघ. वाटेत कोरलाइन चुनखडी एका ठिकाणी रस्त्याकडेलाच बघितली, गुलाबी-तांबूस, खरबरीत, आणि तिच्यातले थर तिरके तिरके, म्हणजे तिथे पाण्याला ओढ होती, कवचांचा चुरा वाहून येऊन उतारावर पसरत होता. नाव कोरलाइन असलं तरी त्यात पोवळी नाहीत म्हणण्याइतकी कमी, बहुतेक सगळे ब्रायोझोआ, म्हणजे वसाहती करून राहणारे बारीक सागरी जीव, बारीक फांद्यांसारखे, आधी लोकांना पोवळी वाटली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

डायनोसॉरची अंडी हा या भागाचा मोठा विषय आणि लेकीने त्याच आमिषावर मांडव सोडलं होतं. ती या समुद्रातली नाहीत, समुद्र मागे गेल्यावर कितीतरी नंतरच्या लमेटा थरांतली आहेत, ट्रॅपच्या जरा आधीची. 2023 मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धार जिल्ह्यातल्या बाघ-कुक्षी भागात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली आहेत, टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची. आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाडल्या गावची ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल, की शेतात सापडलेले गोल दगड लोक पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून, शेताचा राखणदार म्हणून पूजत होते, आणि तज्ज्ञांनी बघितलं तर ती अंडी. मला त्या बातमीत लोकांना हसण्यासारखं काही वाटलं नाही. शेतातला एक दगड बाकीच्यांसारखा नाही हे त्या माणसांनी ओळखलं, उचलून नीट ठेवलं, फोडलं नाही, नारळ वाहिला. जपून तर तेच राहिले.

दुपारी बाघच्या लेण्यांत गेलो. बाघिनी नदीच्या काठी, पाचव्या-सहाव्या शतकातले बौद्ध विहार, नऊ होते, त्यातले थोडेच धड उरलेत. मी लहानपणी शाळेच्या सहलीला आले होते, तेव्हा चित्रं नाहीत म्हणून हिरमुसले होते एवढंच आठवतं. चित्रं 1982 मधे भिंतीवरून काढून ग्वाल्हेरला गुजरी महालातल्या संग्रहालयात नेली, माझी नणंद ग्वाल्हेरलाच असते, तिच्याकडे गेलो की बघतो. पण या वेळी मी चित्रं सोडून छताकडे बघत होते, कारण कालचा सगळा दिवस डोक्यात होता.

लेणी निमाड वालुकाश्मात खोदलीत, आपल्या समुद्राच्या सगळ्यात खालचा थर. वालुकाश्म खोदायला सोपा, पण अजिंठ्याच्या बेसाल्टसारखा नाही, भुसभुशीत, पाणी मुरवणारा. आणि त्याच्यावर चिकणमातीचा मऊ थर. पावसाचं पाणी वरून मुरतं, मातीचा थर भिजतो, फुगतो, जड होतो, आणि तो भार खालच्या पोकळ केलेल्या छतावर. छतं कोसळली, खांब गेले, आता जे जाड नवे खांब दिसतात ते पुरातत्त्ववाल्यांनी आधाराला उभे केलेले. दुसऱ्या लेण्यात महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडलाय, त्यात विहाराच्या दुरुस्तीसाठी दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे दुरुस्तीची काळजी तेव्हाही होतीच. ज्यांनी हा डोंगर निवडला त्यांनी समोरचा दगड तर नक्की हाताने चाचपला असेल. वरचा मऊ थर त्यांनी किती बघितला होता, हे त्या अंधाऱ्या मंडपात उभं राहून मी मामाला विचारलं. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, आम्हीही बोअर मारताना पहिली काही वर्षं कडक दगडाचेच आकडे लिहायचो.

बाघ गावात ठप्प्याची छपाई बघितली, लाल-काळा रंग, मामीसाठी एक आणि माझ्यासाठी एक ओढणी घेतली. मग टांड्यावरून धार, धारहून इंदूर. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजून गेले.

चौथी सकाळ

मामाने निघताना सांगितलं होतं, म्हणून रात्री झोपण्याआधीच दोन स्टीलच्या वाट्यांत पाणी घेऊन एकीत चुनखडीचा तुकडा आणि दुसरीत थर 8क चं ढेकूळ टाकून ठेवलं होतं. सकाळी बघितलं तर चुनखडी जशीच्या तशी, आणि दुसऱ्या वाटीत ढेकूळ नाहीच, पिठल्यासारखा दाट पिवळा गाळ. लेकीने तो चहाच्या जुन्या गाळणीतून, मग साडीच्या फडक्यातून, पाणी घालून घालून हळूहळू धुतला, चिखल सगळा सिंकमधून जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवली होती. शेवटी फडक्यावर चमचाभर कण उरले. वर्तमानपत्रावर वाळवले, भिंग घेऊन ती खिडकीत बसली.

शिंपल्यांच्या कपच्या. एक बारीक काडी, अर्ध्या इंचाचीही नाही, तिच्यावर लांबीभर रेघा, अर्चिनचा काटा असावा. आणि एक छोटीशी फांदी, दोन ठिकाणी फाटा फुटलेली, सगळ्या अंगावर एकसारखी भोकं, ब्रायोझोआ, प्रत्येक भोक म्हणजे एका जिवाची खोली.

तिने वही काढली, उजवं पान उघडलं आणि लिहिलं, "थर 8क, धुतल्यावर उरलेलं." मग मला विचारलं, आई, 8ब पण भिजत घालूया का आज रात्री? पुडी फ्रिजवर ठेवली होती. वाटी मोकळी नव्हती म्हणून कुकरमधला डबा काढून दिला.